तुंबलेला हिशेब: स्वतः लिहायचा, अकाउंटंटला द्यायचा की सीएकडे न्यायचा?

दुकान चालू आहे, गिऱ्हाईक येतंय, पण टॅलीतली (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली) शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली. खरेदीची बिलं पिशव्यांत, काही व्हॉट्सॲपवर. उधारी अर्धी डायरीत, अर्धी डोक्यात. असे मागे पडलेले हिशेब लिहून देणं हेच माझं काम. जवळजवळ प्रत्येक मालक पहिल्यांदा विचारतो, "किती घ्याल?" माझं म्हणणं, त्याआधी उशिराने काय काय खाल्लंय आणि अजून काय खाणं चालू आहे ते बघा. कुणाकडे जायचं हे बरंचसं त्यावरून ठरतं.

एक दुकान डोळ्यासमोर धरू. हार्डवेअरचं, एकट्याच्या मालकीचं, उलाढाल वर्षाला ९० लाख, बँक खात्यात महिन्याला दीडशे नोंदी.

जीएसटीचं ३बी, म्हणजे विक्री आणि कर यांचा गोषवारा देणारं रिटर्न, उशिरा भरलं की दिवसाला ५० रुपये लेट फी लागते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला ती एका रिटर्नमागे २,००० रुपयांवर थांबते, म्हणजे चाळीस दिवसांत ती मर्यादा गाठते आणि पुढे वाढत नाही. चोवीस महिन्यांची रिटर्न राहिली असतील तर ४८,००० रुपये. तिमाही भरणाऱ्याची आठ रिटर्न, म्हणजे १६,०००. (सहा महिने सलग रिटर्न नसेल तर नोंदणीच रद्द होऊ शकते, तेव्हा आधी पोर्टलवर नोंदणी जिवंत आहे का ते बघा.) थांबत नाही ते व्याज. रोखीने भरायच्या करावर ते वर्षाला १८ टक्क्यांनी चालूच राहतं.

पण सगळ्यात मोठं भोक आयटीसीचं, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीच्या वजावटीचं (क्रेडिटचं) असतं आणि ते सहसा कुणाला दिसत नाही. ज्या आर्थिक वर्षातली खरेदी, ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट घेतलं नाही तर ते गेलं. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. १८ टक्के जीएसटीच्या चार लाखांच्या मालाची बिलं पिशवीतच राहिली, तर ७२,००० रुपये बुडाले. म्हणून कोणताही मार्ग निवडा, पण ज्या वर्षाची ही तारीख अजून यायची आहे ते वर्ष आधी लिहा. जुन्यापासून ओळीने सुरुवात केली तर जुनं संपेपर्यंत चालू वर्षाचंही क्रेडिट हातचं जातं.

आता मार्ग.

स्वतः लिहायचं तर दोन वर्षांच्या बँक नोंदीच ३,६००. एका नोंदीला एक मिनिट धरलं तरी साठ तास, बिलं वेगळी. दुकान बंद केल्यावर रोज एक तास बसलात तर दोन महिने निव्वळ बँकेचे. पैसे वाचतात, आणि यूपीआयने गेलेले ११,८०० मालाचे होते की मुलीच्या क्लासच्या फीचे, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसतं. पण जीएसटीची जुळवणी आणि वर्षअखेरचा ताळेबंद सवयीशिवाय जमत नाही. अर्धवट सोडलेला हिशेब निस्तरायला कोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

अर्धवेळ अकाउंटंट या आकाराच्या दुकानाला बहुतेक वेळा पुरतो. तो बँक स्टेटमेंट टॅलीत घेतो, पोर्टलवरून २बी (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) उतरवून खरेदीशी ताडून बघतो आणि हरवलेली बिलं कोणत्या पार्टीकडून मागवायची ते सांगतो. दर ठरवताना महिन्याच्या हिशेबाने ठरवू नका. आधी सगळ्यात गर्दीचा एक महिना, दिवाळीचा, लिहायला द्या आणि त्यावरून पूर्ण कामाचा आकडा ठरवा. जुळवणी, रिटर्न आणि ताळेबंद त्यात धरलाय का, हे कागदावर घ्या. काम हातात आलं की दोन गोष्टी तपासा: सस्पेन्स खात्यात (कशाची ते न कळलेल्या नोंदी तात्पुरत्या टाकतात तिथे) किती रक्कम पडून आहे, आणि कुठल्याही दिवशी रोख शिल्लक उणे दिसते का. गल्ल्यात उणे पैसे असू शकत नाहीत. तशी शिल्लक दिसली तर नोंदी घाईत बसवल्या आहेत.

सीएकडे जायचं ते सल्ल्यासाठी आणि सहीसाठी. नोटीस आली असेल, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल, किंवा टॅक्स ऑडिट (आयकरासाठीची सक्तीची हिशेबतपासणी) लागत असेल, तर दुसरा पर्याय शोधत बसू नका. निव्वळ नोंदींसाठी मात्र ते महाग पडतं, कारण तिथेही नोंदी हाताखालची मुलंच करतात.

चौथा मार्ग लोक दबक्या आवाजात विचारतात: जुन्या वर्षांच्या वह्या लिहिल्याच नाहीत तर? आयकरापुरतं हे कायदेशीरपणे शक्य आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरायचा. आपल्या दुकानाची विक्री निम्मी-निम्मी असेल तर उत्पन्न ६ लाख ३० हजार. पण जीएसटीच्या कायद्याला खरेदी, विक्री, साठा यांच्या नोंदी लागतातच, आणि सीसी लिमिट (धंद्यासाठीची बँकेची कर्जमर्यादा) वाढवायला गेलात की बँक ताळेबंद मागते. कर्ज नको असेल, जीएसटीच्या नोंदी आणि रिटर्न पूर्ण असतील, तर जुन्या वर्षांपुरता मी हाच सल्ला देते.

तेव्हा अशा दुकानाला माझी पसंती दुसऱ्या मार्गाला, पहिल्याची जोड देऊन. स्टेटमेंटच्या प्रिंटवर प्रत्येक नोंदीसमोर 'माल', 'घर', 'भाडं', 'अमक्याची उधारी' असं तुम्ही पेनाने लिहायचं आणि मग तो गठ्ठा अकाउंटंटला द्यायचा. माझ्याकडे असा गठ्ठा आला की विचारत बसण्याचा वेळ वाचतो, आणि मी आकडाही कमी सांगते.

उधारीच्या खात्याला मात्र यातला कुठलाच मार्ग सूट देत नाही. दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मध्ये गिऱ्हाइकाने थोडे पैसे देऊन तसं स्वतः लिहून किंवा सही करून दिलं, किंवा देणं सही करून मान्य केलं तर ती नव्याने मोजली जाते. दोन वर्षं आधीच गेली आहेत. डायरीतली नावं या आठवड्यात खात्यावर चढवा आणि प्रत्येकाकडून बाकीच्या आकड्याखाली तारखेसह सही घ्या.