घरातल्या क्षारांसाठी सामू-कागद: एक परीक्षण

प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत 1 ते 14 सामू (pH; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी) रंगावरून दाखवणाऱ्या दर्शक कागदाच्या छोट्या पुस्तिका मिळतात. शे-सव्वाशे रुपयांचा असा एक संच आणून मी स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील पांढरे पदार्थ तपासले. आम्लधर्मी कोणते आणि आम्लारिधर्मी कोणते एवढेच ठरवायचे असेल, तर या संचात पैसे वसूल होतात.

कागदाचे खरे मोल तुरटीपाशी कळते. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो, हे शाळेतले वाक्य पाठ असलेले बहुतेक जण क्षार म्हणजे उदासीन असेच धरून चालतात. पण दाढीनंतर गालावर फिरवायच्या तुरटीचा खडा पाण्यात विरघळवून त्यात पट्टीचे टोक बुडवले, की पिवळा कागद पाहता पाहता नारिंगी होतो आणि रंगपट्टीवरील 3 ते 4 च्या खुणेशी जुळतो. तुरटीतील ॲल्युमिनिअमचे आयन भोवतालच्या पाण्यातून हायड्रोजन आयन मोकळे करतात, त्याचा हा परिणाम. कल्हईवाल्याचा नवसागरही आम्लाच्याच बाजूचा, मात्र बराच सौम्य. धुण्याचा सोडा नेमका उलट वागतो: तो प्रबळ आम्लारी आणि दुर्बळ आम्ल यांचा क्षार असल्याने कागद गडद निळा होतो आणि सामू 11 च्या घरात जातो. चुन्याची निवळी त्याच्याही पुढे, 12 च्या वर. साधे मीठ अपेक्षेप्रमाणे 7 च्या आसपास राहते.

तक्रार आहे ती मधल्या पट्ट्याबद्दल. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू साधारण 8.3 असतो; परंतु माझ्या संचातील रंगपट्टीवर 7, 8 आणि 9 यांच्या हिरव्या छटा इतक्या जवळच्या छापल्या आहेत, की ट्यूबलाइटखाली सोडा आणि मीठ यांतला फरक नजरेला जेमतेमच जाणवतो. शिवाय बोअरचे पाणी मुळातच आम्लारिधर्मी असू शकते, आणि उघडे राहिलेले ऊर्ध्वपातित पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून 7 च्या खाली उतरते, याविषयी माहितीपत्रकात अवाक्षर नाही. पदार्थ विरघळवण्यापूर्वी नुसत्या पाण्यात एक पट्टी बुडवून पाहावी, एवढी सूचना तरी हवी होती.

हळदीचा कागद घरी फुकटात होतो हे खरे, पण व्हिनेगर आणि मिठाचे पाणी या दोहोंतही तो पिवळाच राहतो. आम्ल ओळखणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे मुलांच्या प्रयोगासाठी मी हाच संच सुचवीन. पावसाळ्यात मात्र पुस्तिका घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, आणि खाण्याच्या सोड्यासारख्या पदार्थांचा नेमका आकडा हवा असल्यास 6.5 ते 9 अशा अरुंद मर्यादेचा कागद वेगळा मागून घ्यावा.