रेणूंचं मॉडेल किट: ऑप्टिकल अ‍ॅक्टिव्हिटीसाठी घ्यावंच

मी मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. गोळे-काड्यांचं मॉडेल किट कशाला घ्यायचं, असं पालक विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: ऑप्टिकल अ‍ॅक्टिव्हिटीसाठी, म्हणजे काही रेणू ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल डावीकडे किंवा उजवीकडे वळवतात तो गुण समजण्यासाठी.

लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवायचे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले, आणि मुलांना सांगायचं, आता तंतोतंत जुळवून दाखवा. मुलं फिरवतात, उलटे धरतात. मिथाइल आणि कार्बॉक्सिल जुळवले की ओएचच्या जागी हायड्रोजन आलेला असतो. वहीतल्या वेज-डॅशच्या (बंध कागदाच्या पुढे की मागे ते दाखवणाऱ्या) रेघांनी जे पटत नाही, ते इथे दोन मिनिटांत पटतं. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात हे डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये मांडलं. किटमधल्या कार्बनच्या काळ्या गोळ्याची चार भोकं त्याच १०९.५ अंशांवर असतात.

मेसो टार्टारिक आम्ल तर मी किटशिवाय शिकवतच नाही. मधला बंध हळूहळू फिरवला की ओएचसमोर ओएच, कार्बॉक्सिलसमोर कार्बॉक्सिल येतो आणि रेणूचे दोन अर्धे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा दिसतात. दोन कायरल (चार वेगवेगळे गट जोडलेले) कार्बन असूनही हा रेणू ऑप्टिकली इनअ‍ॅक्टिव्ह का, हे मग मुलंच सांगतात.

एसएन-२ अभिक्रिया (एक गट आत येतो तेव्हाच दुसरा बाहेर पडतो ती) मात्र जपून शिकवा. २-ब्रोमोब्युटेनमधला ब्रोमीन उपटून त्याच भोकात ओएच खोचला, तर मुलं नेमकं चुकीचं शिकतात. खरा हल्ला मागून होतो आणि बाकीचे तीन बंध वाऱ्याने छत्री उलटावी तसे पलटतात. गोळ्याची भोकं काही पलटत नाहीत, म्हणून उत्पादिताचं वेगळं मॉडेल करून शेजारी ठेवायचं. पाच भोकांचा गोळा असेल तर मधली अवस्थाही दाखवता येते.

किटवरून कायरल कार्बनभोवतीची मांडणी आर की एस ते ठरतं. प्रकाश कुठल्या बाजूला वळेल ते ठरत नाही. आर-लॅक्टिक आम्ल तो डावीकडे वळवतं, आर-ग्लिसराल्डिहाइड उजवीकडे. ते सांगायला पोलॅरिमीटरच, म्हणजे प्रकाश किती वळला ते मोजणारं उपकरण, लागतं.

कन्व्हर्जनसाठी, म्हणजे एका संयुगापासून दुसरं बनवण्याच्या प्रश्नांसाठी, कागद-पेन बरं. इथेनॉलपासून प्रोपेनॉइक आम्ल करायचं तर आधी ब्रोमोइथेन, मग पोटॅशियम सायनाइडने एक कार्बन वाढवायचा, मग जलअपघटन. तिथे गोळे जोडत बसण्यात वेळ जातो आणि अभिकर्मक काही पाठ होत नाहीत.

घेताना गोळे मोजून घ्या. लॅक्टिक आम्लाच्या जोडीला ६ कार्बन, ६ ऑक्सिजन, १२ हायड्रोजन आणि दुहेरी बंधांसाठी ४ वाकणाऱ्या काड्या लागतात. स्वस्त संचांत ऑक्सिजन हमखास कमी पडतात, आणि एकच रेणू बनत असेल तर आरशातली जोडी दाखवणार कशी? काड्या उपसायचं साधन सोबत आहे का तेही बघा. नव्या काड्या फार घट्ट बसतात; मुलं दाताने ओढतात आणि टोकं चेपली की त्या पुन्हा नीट बसत नाहीत.