ट्रायलसाठी फुटबॉलचे बूट घ्यायचेत? जळगावातलं हे दुकान बघा

फुले मार्केटजवळचं छोटंसं दुकान, बाहेर सगळ्या क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या, त्यामुळे फुटबॉलचं काही मिळेल असं वाटतच नाही. मी कॉलेजला ४०० मीटर पळायचो, आता विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) म्हणून मुंबईला क्लबच्या ट्रायल देतोय (घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे, असो). दुकानवाल्या काकांनी साइजच्या आधी विचारलं, ट्रायल गवतावर की टर्फवर? टर्फ म्हटल्यावर एफजी (गवताच्या ग्राउंडचे बूट) बाजूला ठेवले न एजी (आर्टिफिशियल ग्राउंडचे) काढले, कारण आर्टिफिशियल टर्फवर एफजीचे लांब स्टड (तळाचे उंचवटे) अडकतात, वळताना गुडघ्यावर ताण येतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दगडासारख्या ग्राउंडवर तर तेच स्टड तळव्याला टोचतात भो, तिथे प्रॅक्टिसला टीएफ म्हणजे टर्फ शूजचे बारीक रबरी स्टडच बरे. जाड मोजे घालायला लावून दुकानातच डावा-उजवा कट मारून बघितला, टाच जराही उचलली नाही, अंगठ्यापुढे नखभर जागा. ट्रॅकवर कायम डावीकडेच वळायचं असतं, इथे पळता पळता मधेच ब्रेक मारून उलटं फिरायचं, म्हणून टाच घट्ट पाहिजेच.

आतला इनसोल मात्र भंगार, लगेच दबला, वेगळा घेऊन टाका. दहा नंबरच्या पुढचे बूट मागवावे लागतात. आयएसएल (फुटबॉलची इंडियन सुपर लीग) २०१४ ला सुरू झाली, पण आपल्याकडे व्हरायटी म्हणाल तर अजून बोंबच आहे. भाव ऑनलाइनइतकाच, घासाघीस चालत नाही, काका सरळ चहा पाजतात न विषय बदलतात. गोलकीपरचे ग्लोव्हज इथून घेऊ नका.