जागलीतले सात महिने आणि बिनबंदुकीची युद्धं

आधीच सांगून टाकतो, मी काही गेमर नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि घरचं चार एकर वावर. सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगा भरल्या की रानडुकरं सुरू होतात. सोयाबीन निघालं की तूर, तुरीमागून हरभरा. म्हणजे होळीपर्यंत जागल, म्हणजे रात्रीची वावराची राखण, काही सुटत नाही. तारेत हलका करंट सोडणारं झटका मशीन लावलंय, पण मशीन लावून घरी निवांत झोपलेला शेतकरी मी तरी अजून पाहिला नाही. रोही, म्हणजे नीलगायी, तर तार ओलांडून उडी मारतात.

मचाणावर रात्री दहा ते पहाटे पाच करायचं काय? रील पाहून पाहून कंटाळा आला, आणि रेंजही तिथं बाभळीच्या एका फांदीजवळच येते. मला नेट न लागणारा, संथ चालणारा गेम हवा होता. असा, की वाजलं काही तर खिशात टाकून बॅटरी घेऊन पळता येईल. शोधता शोधता 'धिस वॉर ऑफ माइन' हाती लागला. युद्धाचा आहे म्हणून घेतला. तो घेऊन आता सात महिने झाले, त्याच्या नादानं आणखी दोन-तीन घेतले, म्हणून हे लिहायला बसलो.

हा गेम पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ११ बिट स्टुडिओजचा. २०१४ साली कॉम्प्युटरवर आला, पुढच्या वर्षी मोबाइलवर. यात आपण सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरातल्या एका फुटक्या घरात तीन-चार साधी माणसं अडकलेली असतात आणि ती आपल्याला जगवायची असतात. शहराचं नाव पोगोरेन, ते काल्पनिक आहे. पण बनवणाऱ्यांनी डोळ्यांपुढं ठेवला होता तो सारायेव्होचा वेढा, १९९२ ते १९९६. दिवसा बाहेर पडलं की नेमबाज टिपतात, म्हणून दिवसभर घरातच चूल बांध, पावसाचं पाणी धर, पलंग ठोक. रात्री एकानं बाहेर जाऊन सापडेल ते आणायचं. बाकीच्यांत एखादा पहारा देतो, एखादा झोपतो. पहारा नसला की चोर येतात, आणि पहारेकऱ्याची झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तो कामाचा राहत नाही.

हे वाचून माझ्यासारख्याला जे आठवायचं ते आठवलंच. मीही रात्री पहाऱ्यावर, फोनमधला ब्रूनोही रात्री पहाऱ्यावर, आणि सकाळी दोघांचेही डोळे लाल. त्यात एक आठवडा मोटारीची लाइट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी फिरवायचं, डुकरं हाकलायची आणि मधल्या वेळात गेममधल्या पावले नावाच्या माणसाला भंगार वेचायला धाडायचं.

सगळ्या खेळाची गाठ थैलीत आहे. बाहेर जाणाऱ्याच्या थैलीत ठरलेलेच कप्पे. मार्को जास्त आणतो, पावले पळायला तेज, कातियाला भाव करता येतो, ब्रूनो थोडक्यात स्वयंपाक भागवतो. लाकूड आणावं तर जेवण सुटतं, जेवण आणावं तर औषध सुटतं. आणि युद्ध कधी संपणार ते गेम सांगत नाही, दरवेळी वेगळ्याच दिवशी संपतं. त्यामुळं साठा किती करायचा याचा हिशेबच बसत नाही. पहिल्यांदा मी शहाण्यासारखं सगळं जपून ठेवलं आणि विसाव्या दिवसाच्या आत दोघं गमावले. डाळ शिल्लक ठेवून माणूस गेला, अशातली गत.

थंडीचे दिवस तर खासच. घरातलं तापमान आकड्यात दिसतं, शेगडीत लाकूड घालत राहावं लागतं, आणि लाकूड संपलं की पुस्तकं जाळता येतात. डिसेंबरात मी खाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, शेकोटीशी बसून फोनमधली पुस्तकं जाळत होतो. ते काही बरं वाटलं नाही, पण कातिया तापानं फणफणली होती.

एक गंमत सांगायची राहिली. साखर-पाणी घालून दारूची भट्टी लावता येते, आणि ती दारू दारावर येणाऱ्या फ्रँको नावाच्या व्यापाऱ्याला चांगल्या मोलानं देता येते. मोहफुलाच्या मुलखातल्या माणसाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. माझी सगळी अर्थव्यवस्था त्या भट्टीवरच उभी राहिली.

आता मोठ्या बाबांचं सांगतो. ते माझे चुलते, वय सत्तरीपार, आमच्या शेजारच्याच धुऱ्यावर त्यांची तूर. जागलीत सोबत म्हणून माझ्याच मचाणावर येतात. पहिले काही दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. मग एका रात्री डोकावून विचारलं, "काय करून रायला रे बावा?" सांगितलं, की बाबा, ही माणसं अडकलीत, रात्री बाहेरून अन्न आणायचं. पटलं असावं, कारण मग रोज बसायला लागले. पावलेचं नाव त्यांनी 'पावल्या' करून टाकलं.

या गेममध्ये एक शांत घर आहे. प्रत्येक डावात ते येतंच असं नाही. तिथं एक म्हातारा आणि त्याची आजारी बायको राहते. फ्रिजमध्ये जेवण, वर औषधं, आणि अडवणारं कोणी नाही. म्हातारा फक्त मागं मागं फिरतो, विनवण्या करतो. त्या रात्री आमच्या घरात दोन दिवसांचा उपास होता. मी पावल्याला घेऊन गेलो आणि थैली भरायला लागलो. इंग्रजी मोठ्या बाबांना येत नाही, पण म्हातारा काय म्हणतोय ते समजायला इंग्रजी लागत नव्हतं.

"त्या बुढ्याचं नोको नेऊ."

"बाबा, गेम आहे हा."

"गेम हाय तं काय झालं? भूक तं खरीच दाखवून रायला न तू. बुढ्याच्या घरचं खाऊन तुह्या मानसाले पचन काय?"

मी नेलं. सकाळी पावल्याच्या नावाखाली 'उदास' असं आलं, मग त्याहून खालचं. हळूहळू तो सांगितलेलं ऐकेना, भिंतीशी बसून राहायला लागला. दुसऱ्यानं जाऊन समजावलं तर माणूस सावरतो, पण समजावणाराही उपाशीच होता. पुढं पुन्हा त्या घराकडं गेलो तेव्हा म्हातारी-म्हातारा दोघंही मेलेले होते. मोठे बाबा काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले. त्यानंतर आठ-दहा दिवस मी तो गेम उघडलाच नाही. लुटालूट केली म्हणून गुण कापले असते तर मला काही वाटलं नसतं. इथं गुणच नाहीत, आणि म्हणूनच ते अंगाला लागलं. पोलंड सरकारनं २०२० मध्ये हा गेम शाळकरी मुलांच्या वाचनयादीत घेतला, त्याचं मला तरी नवल वाटत नाही. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा कंपनीनं सात दिवसांची या गेमची कमाई युक्रेनच्या रेड क्रॉसला दिली. ती साडेआठ लाख डॉलरच्या घरात गेली.

तक्रारी आहेतच. मधूनच सेव्ह करता येत नाही, दिवस पालटला की गेम आपणच नोंद करतो. माझा फोन जुना, तीन जीबी रॅमचा. डुकरांमागं धावून अर्ध्या तासानं परत यावं तर गेम बंद पडलेला, तो दिवस पुन्हा पहिल्यापासून. बोटानं चालवताना माणूस कधी जिन्याऐवजी दारातच घुटमळतो, आणि मागं बंदूकवाला असला की त्या घुटमळण्याची किंमत मोजावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या डावानंतर घरं तीच तीच वाटतात. मराठी सोडा, हिंदीही नाही.

दुकानात दिवसा, गिऱ्हाईक नसलं की, 'पेपर्स, प्लीज' खेळलो. हा लुकस पोप या एकट्या माणसानं केलेला, २०१३ चा. फोनवर २०२२ मध्ये आला. आर्स्टोत्स्का नावाचा देश, शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच संपलेलं, साल १९८२. आपण सीमेवरच्या खिडकीत बसलेले कारकून. पासपोर्ट बघायचा, शिक्का मारायचा, पुढचा बोलवायचा. रोज सकाळी नवा नियम. एका माणसामागं पाच क्रेडिट. दोन चुकांपर्यंत नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी त्या पैशात भाडं, जेवण आणि घर गरम ठेवणं बसवायचं. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका.

लोकांना यात काय भारी वाटतं मला माहीत आहे, पण मला तो आधी हास्यास्पद वाटला. हे तर मी दिवसभर करतोच! आधारवर नावापुढं 'बाई' आहे, सातबारावर नाही. एका कागदावर जन्मतारीख, दुसऱ्यावर नुसतं साल. गावातली अर्धी जुनी पिढी शाळेच्या दाखल्यावर जूनच्या एक तारखेलाच जन्मलेली. गेममध्ये दोन कागदांवरच्या दोन न जुळणाऱ्या गोष्टींवर बोट ठेवलं की विसंगती सापडते, आणि सापडली की एक वाईट आनंद होतो. तिथंच मी सावध झालो. सुरुवातीलाच एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर असतात. जाताना सांगतो, मागं माझी बायको आहे, तिला नीट वागवा. तिच्याकडं प्रवेशाचा परवाना नसतो. मी पहिल्या डावात तिला परत पाठवलं, कारण त्या दिवशीच्या दोन ताकिदी मी आधीच खाल्ल्या होत्या. पाच क्रेडिटसाठी. दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारी आली, तिचं केवायसी अंगठा उमटत नाही म्हणून अडलं होतं. तीन वेळा झालं नाही की मी एरवी "उद्या या" म्हणतो. त्या दिवशी सातव्यांदा झालं. गेममुळं झालं असं म्हणणार नाही, बाहेर पाऊस होता आणि दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं.

या गेममध्ये हसूही आहे. एक म्हातारा चक्क रंगीत खडूनं काढलेला पासपोर्ट घेऊन येतो, देशाचं नावही मनानं रचलेलं. असे आमच्याकडंही येतात, फक्त खडू वापरत नाहीत. फोनच्या छोट्या पडद्यावर कागदांची गर्दी फार होते, चष्मा असणाऱ्यांनी कॉम्प्युटरवरच घ्यावा.

'बरी मी, माय लव्ह' हा गेम मी एकदाच पुरा केला. सीरियातली नूर आपलं होम्स शहर सोडून युरोपकडं निघते, नवरा मज्द मागं राहतो, आणि आपण मज्द होऊन तिच्याशी फोनवर मेसेज करत राहतो. बस्स, एवढंच. २०१७ चा आहे, शेवट १९. खऱ्या वेळेत खेळायचं ठरवलं तर ती तासन् तास उत्तर देत नाही. आमच्या बायकोनं एकदा स्क्रीन पाहिली आणि ही नूर कोण म्हणून विचारलं. तो खुलासा करायला खेळापेक्षा जास्त वेळ लागला.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर 'रेडिओ जनरल' टाकला. दुसरं महायुद्ध, पुढ्यात नकाशा, कानाला रेडिओ. तुकडी खरंच कुठं आहे ते नकाशा दाखवत नाही. तिनं सांगितलं तर आपणच सोंगटी सरकवायची. हुकूम माइकवर बोलून द्यायचे, इंग्रजीत. कल्पना लाखात एक, पण माझं इंग्रजी पडलं वऱ्हाडी. 'एबल' हे तुकडीचं नाव घ्यावं तर ती विचारात पडे. शेजारचा किराणावाला दोनदा येऊन बघून गेला, की हा शटर अर्धं ओढून कोणावर ओरडतोय. माइकशिवायही चालवता येतो, पण मग त्यातली मजा जाते.

'फॉक्सहोल' मी विकत घेतला नाही, त्याला कायम चांगलं नेट लागतं. नागपूरला होस्टेलवर असलेल्या भाच्याकडं दिवाळीत दोन रात्री पाहिला. टोरंटोच्या स्टुडिओचा, २०२२ मध्ये पूर्ण रूपात आलेला. हजारो खेळाडू, दोन बाजू, एकेक युद्ध आठवडेच्या आठवडे. गोष्ट अशी, की आघाडीवर झाडली जाणारी प्रत्येक गोळी कुणातरी खेळाडूनं बनवलेली असते: भंगार खणा, कारखान्यात न्या, पेट्या भरा, ट्रक हाकत आघाडीवर पोचवा. भाचा दोन तास ट्रकच हाकत होता. मला जिनिंगपुढची कापसाच्या गाड्यांची रांग आठवली, आणि त्या रांगेत बसायचे पैसे कोणी भरेल हे पटेना. पण भरतात. एवढंच नाही, २०२२ च्या सुरुवातीला या माल वाहणाऱ्या खेळाडूंनी चक्क संप केला, की आमचं काम फार जाचक आहे, ते सुधारा. हे कळल्यापासून हा गेम माझ्या मनातून जात नाही. गावात फायबर आलं की घेणार.

घ्यायचा असेल तर सेल लागेपर्यंत थांबा, हे गेम अधूनमधून बरेच स्वस्त होतात. पॉवर बँक लागेलच. 'धिस वॉर ऑफ माइन'नं माझा फोन तीन-साडेतीन तासांत उतरतो आणि थंडीतही हाताला गरम लागतो. लहान पोरांना देऊ नका. आणि दिवसभराच्या कटकटीवर उतारा म्हणून काही हवं असेल तर यातलं एकही नको, लुडो बरा.

हरभरा मागच्या आठवड्यात निघाला. मचाण रिकामं आहे, त्यामुळं गेम एकतिसाव्या दिवशी अडकलाय. घरी रात्री फोन घेऊन बसायची सोय नाही. काल मोठे बाबा दुकानात आले. हातात रेशन कार्ड, त्याची झेरॉक्स हवी म्हणाले. परवाच नेली होती. मी काढून दिली. ती घडी करून खिशात टाकली तरी काउंटरपाशीच उभे.

"पावल्याचं काय झालं रे?"

"जखम चिघळली, बाबा. पट्टी नाही घरात."

"मंग आज पाहू न काही," म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.