नव्या टाकीचे पैसे, जुनीच टाकी

माझी गाडी २००९ ची. टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायचा आणि गाडीखाली ओला डाग पडायचा. टाकी अर्ध्यावर आली की दोन्ही आपोआप बंद. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, टाकीच्या बुडाला बोट लावलं आणि ओलं बोट माझ्या नाकाशी धरलं. "तडा गेलाय साहेब. प्लास्टिकची टाकी, रिपेअर होत नाही. नवीनच टाकावी लागेल." मी मान डोलावली. संध्याकाळी खालून पाहिलं तर टाकी काळीभोर, चकचकीत. पैसे दिले, निघालो. जुनी टाकी मागायचं सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या वेळी टाकी फुल केली आणि तोच वास.

या वेळी दुसऱ्याकडे गेलो. तो गाडीखाली शिरलाच नाही. मागची सीट उचलली, पत्र्याचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. पंप टाकीत जिथे बसतो तिथली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. भोवती धूळ, पण एका बाजूने पेट्रोलने धुऊन काढलेला स्वच्छ ओघळ. पेट्रोल तिथून टाकीच्या अंगावरून खाली उतरायचं आणि बुडाशी थेंब धरायचं. बूड ओलं म्हणजे बूड फुटलं, असं मला पटवलं गेलं होतं. पण बूड फुटलं असतं तर अर्ध्या टाकीतूनही गळलं असतं. रिंग बदलली, गळती थांबली.

मग त्याने मला खाली बोलावलं. 'नव्या' टाकीवर नखाने खरवडलं, तर काळ्या रंगाखालून एपॉक्सी पुटीची (भेगा बुजवायच्या लेपाची) खपली सुटून हातात आली. ही टाकी पॉलिइथिलीनची, मेणासारखी निसरडी. तिला पुटी धरतच नाही. म्हणजे खरोखर तडा असता तरी हा उपाय फुकटच गेला असता. (कुणी प्लास्टिक तापवून तडा सांधायचं सुचवलं तर आधी लांब व्हा. रिकाम्या टाकीत उरलेली वाफही भडकते.)

शेवटी त्याने रंगाखाली दडलेली रुपयाएवढी तबकडी पुसून दाखवली. प्लास्टिकच्या बऱ्याच भागांवर ती साच्यातच उठवलेली असते: कडेने १ ते १२ महिने, मधे बाण आणि वर्षाचे दोन आकडे, म्हणजे तो भाग कधी बनला ते. माझ्या टाकीवर ०९. टाकी बदलायला देणार असाल तर आधी या तबकडीचा फोटो काढून ठेवा, आणि जुनी टाकी दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोटो घेऊन पहिल्याकडे गेलो. आधी म्हणाला, कंपनीकडूनच जुना स्टॉक आला असेल. पुटीची खपली टेबलावर ठेवल्यावर आवाज खाली आला. टाकीचे पैसे परत केले, पण टाकी उतरवायची-चढवायची मजुरी कापून. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट मी तेव्हाच पाहून आलो होतो; त्यांच्यावरचा वाळका चिखलसुद्धा हललेला नव्हता.