एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीसाठी गॅस डिटेक्टर: एका गॅसचा, चार गॅसचा की भाड्याचा?

सोसायटीच्या कमिटीपुढे हा विषय बहुधा टाकी साफ करायची वेळ आली की येतो. तीन कोटेशनं असतात: कॉलरला लावायचा एका गॅसचा छोटा डिटेक्टर, चार गॅसचा साधा आणि चार गॅसचा पंपवाला. शिवाय कोणीतरी म्हणतंच, "एजन्सीवाले आणतात की, आपण कशाला घ्यायचा?" किमतींत बराच फरक असल्यामुळे पहिल्याकडे कल झुकतो. टाकीत माणूस उतरणार असेल तर तो पहिला पर्याय लगेच बाजूला ठेवा.

छोटा डिटेक्टर बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाइडचा असतो, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाच्या गॅसचा. साधारण 10 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग गॅस) तो वाजतो. वास येतोच मग यंत्र कशाला, असं कोणी म्हटलं तर सांगा, की 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. तेवढ्यापुरतं हे यंत्र चांगलं आहे. पण बंद टाकीत ऑक्सिजन जंतूंनी खाऊन टाकलेला असतो आणि मिथेन साठलेला असतो. या दोन्हींचा छोट्या यंत्राला पत्ता नसतो. ऑक्सिजन 14 टक्क्यांवर आला तरी ते गप्प राहील. तळघरातल्या पंपरूममध्ये ऑपरेटरच्या खिशाला जादाचं म्हणून लावायला हरकत नाही.

चार गॅसवाला ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के दिसला पाहिजे. 19.5 च्या खाली गेला की अलार्म. ज्वलनशील गॅसचा आकडा एलईएलच्या टक्क्यांत असतो. मिथेन हवेत सुमारे 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, ती पातळी म्हणजे 100 टक्के एलईएल. यंत्र साधारण 10 टक्के एलईएललाच ओरडतं.

आता खरा प्रश्न: पंप हवा की नको?

साध्या यंत्रात हवा आपणहून सेन्सरपर्यंत पोचते, म्हणजे यंत्र जिथे आहे तिथलीच हवा ते मोजतं. माणूस उतरण्याआधी खालची हवा तपासायची तर ते दोरीला बांधून सोडावं लागतं. आकडे वरून दिसत नाहीत, फक्त अलार्म ऐकू येतो, आणि यंत्र गाळात बुडालं की संपलं. पंपवाल्याला नळी जोडून वर उभ्या उभ्या तपासता येतं. मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून वर, हायड्रोजन सल्फाइड जड म्हणून खाली, तेव्हा तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी अशा तीन ठिकाणी नळी थांबवायची. नळी जितकी लांब तितकी हवा पोचायला उशीर. घाईत नळी भराभर खाली सोडली तर तळाचा आकडा मिळतच नाही. नळीच्या टोकाला पाणी अडवणारा फिल्टर हवा, नाहीतर पहिल्याच दिवशी पंप सांडपाणी ओढतो. पंप चालतो की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे नळीचं तोंड अंगठ्याने दाबायचं. लगेच अलार्म वाजला पाहिजे.

पंप हे एक जादा झंझट आहे, बॅटरीही लवकर उतरते. तरी टाकीसाठी मी पंपवालाच घेईन. मात्र वरून आकडे चांगले आले म्हणून यंत्र वरच ठेवून चालत नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस सुटतो, म्हणून काम चालू असताना यंत्र उतरणाऱ्याच्या छातीशी चालूच हवं.

देखभालीत बहुतेक जण इथे फसतात: हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर मेला की तोही शून्यच दाखवतो आणि स्वच्छ हवेतही आकडा शून्यच असतो. नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून बंप टेस्ट, म्हणजे ठरावीक प्रमाणाचा गॅस क्षणभर सोडून अलार्म वाजतो का ते बघणं, वापराच्या दिवशी दर वेळी करायची. कॅलिब्रेशन वेगळं. त्यात आकडा दुरुस्त करतात, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. यंत्र मोकळ्या हवेत शून्य करा, गच्चीवर जा. पार्किंगमध्ये गाड्यांच्या धुरात शून्य केलं तर पुढचे सगळे आकडे कमी दिसतील. आणि यंत्र चकाचक ठेवायला सिलिकॉनचं पॉलिश फवारू नका. ज्वलनशील गॅसचा मणी असलेला सेन्सर त्याने कायमचा बाद होतो. इन्फ्रारेड सेन्सरला हा त्रास नाही, पण तो महाग असतो.

भाड्याच्या यंत्राचा विचार इथेच येतो. सेन्सर दोन-तीन वर्षांत म्हातारे होतात, कपाटात पडून असले तरीही. बंप गॅसच्या सिलिंडरलाही मुदत असते. टाकी वर्षातून एक-दोनदाच उघडत असेल तर ताज्या कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह भाड्याने घ्या आणि बंप टेस्ट आपल्यासमोर करायला लावा. तुमचा ऑपरेटर आठवड्याला चेंबर उघडत असेल तर स्वतःचं घ्या. एजन्सीचं यंत्र असलं तरी सोसायटीची जबाबदारी संपत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस सेप्टिक टाकीत उतरवायला 2013 च्या हाताने मैला सफाईबंदी कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली.

विकत घेताना कोटेशनमध्ये नळी, फिल्टर, बंप गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर आहेत का ते बघा. हे वगळूनच किंमत स्वस्त दाखवली जाते. सेन्सरच्या उत्पादनाची तारीख लिहून मागा. ज्वलनशील गॅसच्या जागी चालेल असं पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) प्रमाणपत्रही मागा.