लॅपटॉपऐवजी पिशवीत मॅक मिनी: एका एडिटिंगवालीचा रिव्ह्यू

मॅक मिनी म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी काहीच नसलेला नुसता डबा. आधीच सांगते, ज्यांना रेल्वेत, कॅफेत किंवा क्लायंटच्या सोफ्यावर बसून काम करायचंय त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नका, सरळ लॅपटॉप घ्या. हे आहे ज्यांचं काम ठरलेल्या दोनच जागी होतं त्यांच्यासाठी. माझं पुणे आणि सांगली, कुणाचं घर आणि स्टुडिओ असेल, आणि दोन्हीकडे टेबल आहे, खुर्ची आहे, भिंतीत प्लग आहे. अशा माणसाला दीड-दोन लाखांचा लॅपटॉप नक्की कशाला लागतो? माझा आधीचा गेमिंग लॅपटॉप कायम चार्जरलाच असायचा, बॅटरीवर टाकला की प्रिव्ह्यू अडकायला सुरुवात, आणि शेवटी त्या कधी न वापरलेल्या बॅटरीनेच फुगून टचपॅड वर उचलला. तेव्हा ठरवलं की आता बॅटरीचे पैसेच द्यायचे नाहीत.

काम म्हणाल तर लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, सगळ्याचं व्हिडिओ एडिटिंग, फोरके फुटेज, दोन-तीन कॅमेरे आणि वरून ड्रोन, सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह. घेतला तो एम४ चिपवाला (एम४ म्हणजे ॲपलचाच प्रोसेसर) मॅक मिनी, २०२४ च्या शेवटी आलेला. लांबी-रुंदी १२.७ सेंटीमीटर, उंची ५, वजन ६७० ग्रॅम. आधीचे मिनी १९.७ सेंटीमीटरचे असायचे, ते पिशवीत टाकून फिरावं असं कधी वाटलं नसतं. हा तळहातावर मावतो आणि मेन म्हणजे पॉवर सप्लाय आतच आहे, बाहेर विटेएवढा अडॅप्टर लोंबत नाही. केबल पण साधी, जुन्या टेपरेकॉर्डरला यायची ती आठच्या आकड्याच्या तोंडाची, इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात मिळते. मी एक सांगलीला ठेवली, एक पुण्याला, त्यामुळे जाता-येता फक्त डबा उचलायचा. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा नुसता चार्जरच या अख्ख्या मशीनइतका जड असतो, खोटं वाटत असेल तर वजनकाट्यावर ठेवून बघा.

आता पैशाचं बोलू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. बाजारात आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजवाला मिनी ५९,९०० ला होता, ५१२ वाला ७९,९०० ला. त्याच वेळचा १४ इंची मॅकबुक प्रो, तीच एम४ चिप, तेच १६ आणि ५१२, किंमत १,६९,९००. म्हणजे बरोबर ९० हजारांचा फरक. फुकटचा फरक नाही हां तो, स्क्रीन खरंच अप्रतिम आहे, बॅटरी दिवसभर जाते, कीबोर्ड, कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं आलं त्यात. पण एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, लावलं की दोन्हीकडे चिप तीच, पंखा दोन्हीकडे आहे, वेळ जवळपास तेवढाच. २०२५ च्या मॅकबुक एअरमध्ये पण हीच चिप आहे पण तिथे पंखाच नाही, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचं एक्सपोर्ट असेल तर एअर तापून हळू पडतो आणि मिनी आपला एका लयीत चालत राहतो.

विंडोजवाले म्हणतील की आमच्याकडे आरटीएक्स आहे, म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. आहे ना, पण लॅपटॉपमधलं आरटीएक्स आणि डेस्कटॉपमधलं आरटीएक्स ही नावाला एक आणि आतून वेगळी कार्डं आहेत हे दुकानदार सांगत नाही. ४०९० हे मॉडेल घ्या, डेस्कटॉपचं ४०९० म्हणजे २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट, लॅपटॉपचं ४०९० म्हणजे १६ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ वॅट, आतली चिपसुद्धा धाकटी. ४०७० ला पण तेच, डेस्कटॉपला १२ जीबी आणि लॅपटॉपला ८. स्टिकर बघून पैसे मोजायचे आणि घरी येऊन अर्धाच माल हातात, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. आणि आमच्या धंद्यातलं अजून एक, नवीन कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज ४० सिरीजच्या या कार्डांना हार्डवेअरमध्ये डिकोड करता, म्हणजे कार्डातच उलगडता येत नाही, ५० सिरीजमध्ये ते आलं. मिनीत ते आधीपासून आहे, त्यामुळे प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉप्या) न बनवता टाइमलाइनवर फुटेज सरळ पळतं. माझ्यासाठी खरेदीचं हे सगळ्यात मोठं कारण, बाकी सगळी बडबड.

ज्यांना खरोखर मोठं ग्राफिक्स कार्डच लागतं, थ्रीडीवाले, गेमिंगवाले, त्यांच्यासाठी मिनी आयटीएक्सचा, म्हणजे पार्ट घेऊन स्वतः जुळवलेल्या छोट्या विंडोज डेस्कटॉपचा रस्ता आहे. १७ बाय १७ सेंटीमीटरचा मदरबोर्ड, एसएफएक्स साइजचा छोटा पॉवर सप्लाय आणि हातात धरून नेता येईल असं केस. कूलर मास्टरचं एनआर२०० घेतलं तर १८ लिटर, त्यात पूर्ण लांबीचं कार्ड बसतं. पण त्याला पोर्टेबल म्हणताना जरा दमानं घ्या, सगळं भरल्यावर ते विमानातल्या सात किलोच्या हँडबॅगेत बसणार नाही, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून न्यायचं काम आहे. माझा एक मित्र तसंच करतो, डोंबिवली ते नाशिक, सीटबेल्ट लावून. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पार्ट मिळतात पण आयटीएक्स बोर्ड साध्या बोर्डापेक्षा महाग पडतो आणि चॉइस कमी असतो हे धरून चला.

तसं बघायला गेलं तर ही आयडिया काही नवीन नाहीये. १९८१ चा ऑस्बोर्न १ घ्या, ११ किलोचा, पाच इंची स्क्रीन, बॅटरी नाहीच, पोचल्यावर आधी प्लग शोधायचा. त्याला लोक पोर्टेबल कॉम्प्युटर म्हणून घेत होते. त्यापुढे आपले ६७० ग्रॅम म्हणजे चैनच आहे.

आता कटकटी, आणि त्या आहेत.

लाइट. पुण्यात फार नाही पण सांगलीत पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि मिनीला बॅटरी नाही म्हणजे गेली की गेलीच, लॅपटॉपवाल्यांना हे दुखणं कळायचं नाही. त्यासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो कारण हे मशीन वीज खातच नाही, रिकामं बसलेलं असताना चारेक वॅट आणि एक्सपोर्ट चालू असतानाही २४ इंची मॉनिटर धरून शंभरच्या आत. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा यूपीएस बीप बीप करायला लागला आणि अप्पा आतून ओरडले, "अगं गॅस लीक झालाय का बघ!" तोवर मी सेव्ह करून, बंद करून, चहा टाकला होता. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण बघून घ्या, ते 'यूपीएस' मोडवर असेल तर ठीक, 'इको' मोडवर असेल तर बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात मिनी बंद पडू शकतो. रिझॉल्व्हमध्ये लाइव्ह सेव्ह (केलेला बदल आपोआप लगेच सेव्ह होणं) चालू ठेवा, त्याला पर्याय नाही.

पोर्ट. पुढे दोन यूएसबी-सी आहेत पण त्यातून स्क्रीन चालत नाही, मॉनिटर मागच्या तीन थंडरबोल्टपैकी (दिसायला यूएसबी-सीच, पण जास्त वेगवान पोर्ट) एकाला किंवा एचडीएमआयला लावायचा. हे माहीत नसेल तर माणूस नवीन मॉनिटर परत करायला निघतो. एसडी कार्डाचा स्लॉट नाही, जुना चौकोनी यूएसबी पोर्ट एकही नाही, म्हणजे कार्ड रीडर आणि माउसचा डोंगल दोन्हीसाठी हब आलाच. पॉवर बटण खाली, मागच्या कोपऱ्यात, मशीन जरासं उचलून बोट घालायचं. लोक यावर फार बोलले, मला नाही फरक पडला, रोज बंद कोण करतं, पण रोज पिशवीत भरणाऱ्याला ते रोज आठवणार एवढं नक्की.

माइक नाही आणि कॅमेरा नाही. क्लायंटशी व्हिडिओ कॉल असेल तर आयफोन कॅमेरा म्हणून जोडता येतो, नाहीतर वेबकॅम घ्या. स्पीकर आहे पण तो फक्त आवाज येतोय का एवढं कळायला, त्यावर सनई मिक्स करायला जाऊ नका.

स्टोरेजला २५६ वरून ५१२ ला जायचे २० हजार हे मला पटलं नाही म्हणून मी २५६ घेतला आणि बाहेर एनव्हीएमई एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) एन्क्लोजरमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या डबीत, घालून मागच्या पोर्टला लावला, सगळं फुटेज त्याच्यावर. एन्क्लोजर मात्र यूएसबी४ किंवा थंडरबोल्टवाला घ्या, स्वस्तातला १० जीबीपीएसवाला सेकंदाला हजार एमबीच्या आसपास थांबतो. रॅम नंतर वाढवता येत नाही, इथे मात्र कंजूषी नको, नॉइज रिडक्शन (फुटेजमधले दाणे काढणं) वगैरे जास्त वापरत असाल तर २४ जीबी बघा.

स्क्रीनचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगायचं तर मिनी, १५ इंची पोर्टेबल मॉनिटर, कीबोर्ड, माउस, केबली हे सगळं रोज उचललं तर दोन किलोच्या घरात जातं आणि मग लॅपटॉप काय वाईट होता. ही सगळी गंमत तेव्हाच आहे जेव्हा दोन्ही टोकांना मॉनिटर आधीच ठेवलेला असतो. मी सांगलीला जुना २४ इंची लावून ठेवलाय, पुण्यात कलर करायला चांगला २७ इंची घेतला, आणि दोन्ही मिळून खर्च त्या ९० हजारांच्या बराच आत राहिला. पोर्टेबल मॉनिटर फक्त शूटच्या ठिकाणी हॉटेलवर गेले तर.

तो घेणारच असाल तर दुकानात एकाच यूएसबी-सी केबलवर लावून दाखवा म्हणा, आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. मी ऑनलाइन मागवलेला पहिला ब्राइटनेस वाढवला की बंद पडायचा कारण त्याला पोर्टातून मिळणारे १५ वॅट पुरत नव्हते, वेगळा चार्जर लावावा लागायचा, आणि विकणाऱ्याने परत घ्यायला पंधरा दिवस लावले.